हापशाचा वायसर कोण बदलणार?

वाचकाचं पत्र (थोडं आखडून):

"ताई, नमस्कार. बीड जिल्ह्यात आमची छोटी संस्था आहे. आईवडील ऊसतोडीला गेले तरी मुलांची शाळा सुटू नये म्हणून आम्ही हंगामी वसतिगृह चालवतो. माणसं नऊ, संगणक पाच. त्यातले तीन जुने आहेत, दुकानदाराने विंडोज आणि ऑफिस 'टाकून दिलेले'. आता ते 'विंडोज १० चा सपोर्ट संपला' असं सारखं सांगतात. चौदा वर्षांच्या देणगीदारांच्या आणि मुलांच्या नोंदी एक्सेलमध्ये आहेत, पण शिवाजी फाँटमध्ये. अध्यक्षांचा भाचा पुण्यात आयटीत आहे. तो म्हणतो, सगळं काढून टाका, ओपन सोर्स घ्या, फुकट असतं. एक सर्व्हर घेऊ आणि देणगीदार, हिशेब, वसतिगृह सगळं त्यावर चढवू. आमचे सीए म्हणतात, टॅलीला हात लावलात तर माझ्याकडे येऊ नका. निधी देणाऱ्या कंपनीला दर महिन्याला मुलांची आकडेवारी हवी असते, तीही त्यांच्या नमुन्यात. संगणकाची थोडी आवड आहे ती आमच्या वसतिगृहातल्या एका शिक्षिकेला, बाकी आनंदच. मी स्वतः बीए मराठी. कोणाचं ऐकू? आणि भाच्याला काय सांगू?"
– एक सचिव (नाव छापू नये)

सचिवताई, नमस्कार.

बीए मराठी आहात हे तुम्ही संकोचून लिहिलंय, पण या विषयातला निम्मा घोळ एका इंग्रजी शब्दाचा आहे आणि तो तुम्हाला होण्याचं कारण नाही. इंग्रजीत 'फ्री' म्हणजे फुकट आणि 'फ्री' म्हणजे मुक्तही. अमेरिकेतले संगणकतज्ज्ञ रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, तेव्हापासून त्या चळवळीतल्या लोकांना 'आम्ही फुकटाबद्दल नाही, मोकळीकीबद्दल बोलतोय' असं समजावत बसावं लागलंय. आपल्याकडे दोन्ही शब्द वेगळे आहेत. भाचा 'फुकट' म्हणतोय. तुम्ही 'मुक्त' तेवढं ऐका.

मुक्त म्हणजे काय, ते तुमच्या गावातल्या हापशाजवळ उभं राहिलात तर लवकर कळेल. तो बहुधा 'इंडिया मार्क टू' असेल. त्याचं मूळ तुमच्या शेजारचंच. आधीचे ओतीव लोखंडाचे पंप सारखे मोडायचे, म्हणून जालन्यात मिशनच्या लोकांनी मजबूत पंप घडवायचा प्रयत्न केला, सोलापुरात तो सुधारला, आणि १९७० च्या दशकात युनिसेफ, भारत सरकार आणि रिचर्डसन अँड क्रुडास यांनी त्यावरून मार्क टू तयार केला. गोष्टीतला महत्त्वाचा भाग पुढे आहे. त्या पंपाचा आराखडा कोणा एकाच्या मालकीचा ठेवला नाही. त्याचं भारतीय मानक ठरलं आणि कुठल्याही कारखान्याला तो बनवायची मुभा मिळाली. म्हणून एका कारखान्याच्या हापशाला दुसऱ्याची दांडी बसते, आणि बनवणारा कारखाना बंद पडला तरी गाव तहानलेलं राहत नाही. ओपन सोर्स म्हणतात ते हेच. आज्ञावलीचा, म्हणजे सॉफ्टवेअरचा, आराखडा सगळ्यांसमोर असतो. कोणीही वापरावा, दुरुस्त करावा, पुढे द्यावा.

पण हापसा फुकट नव्हता, ताई. बोअर पाडावी लागली, पाइप उतरवावे लागले, आणि आतला वायसर झिजतोच. कितीतरी हापसे गंज खात उभे आहेत. आराखडा कुलपात होता म्हणून नव्हे, वायसर बदलणारं माणूस नव्हतं म्हणून.

ही दोन्ही दुखणी मी भोगली आहेत. आमच्या संस्थेने एकदा शहरातल्या एका कंपनीकडून देणगीदारांसाठी खास आज्ञावली करून घेतली. दर वर्षी देखभालीचा करार, वर एक डोंगल, तो लावल्याशिवाय काही उघडायचंच नाही. काही वर्षांनी कंपनीने गाशा गुंडाळला, डोंगल बिघडला, आणि आमच्याच लोकांची नावं आमच्याच संगणकात आम्हाला दिसेनात. शेवटी पावतीपुस्तकांची खोकी माळ्यावरून उतरवली आणि दोन मुली अडीच महिने नावं टाइप करत बसल्या. मग मी दुसऱ्या टोकाला गेले. 'आता फक्त ओपन सोर्स' म्हणत सीव्हीसीआरएम बसवलं. चांगली आज्ञावली आहे ती, २००५ पासूनची, आणि खास आपल्यासारख्या संस्थांसाठीच केलेली. बसवणारा स्वयंसेवक हुशार होता. पुढे त्याला बंगळुरूला नोकरी लागली. त्यानंतर सर्व्हरवर एकही अद्ययावत आवृत्ती चढली नाही, आणि एके दिवशी आमच्या संकेतस्थळावर वजन कमी करण्याच्या गोळ्यांची जाहिरात झळकली. ती पहिल्यांदा पाहिली ती आमच्या सर्वांत जुन्या देणगीदार आजोबांनी. त्यांनी फोन करून विचारलं, "हे तुमचं नवीन काम का?"

तेव्हापासून कुठलीही आज्ञावली समोर आली की मी दोन गोष्टी विचारते. उद्या हिच्यातून बाहेर पडायचं ठरवलं तर आमची माहिती पूर्ण, वाचता येईल अशी हातात येईल का? आणि वायसर कोण बदलणार? पहिल्या प्रश्नाला ओपन सोर्सचं उत्तर बहुतेक वेळा चांगलं असतं. दुसऱ्याला ओपन सोर्सकडे उत्तर नाही, ते तुमच्याकडे असावं लागतं.

आता तुमचं घर पाहू. सुरुवात संगणकांपासून नको, शिवाजी फाँटपासून करा. तुमची खरी अडकण तिथे आहे, आणि भाच्याच्या यादीत तिचा उल्लेखही नाही. पुण्याच्या आयटीवाल्यांना ही गोष्ट सहसा सुचतच नाही, कारण त्यांच्या कंपनीत कोणी मराठीत नोंदी ठेवत नाही.

शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपीचे जुने फाँट यांची युक्ती अशी होती की संगणकाच्या लेखी तुम्ही इंग्रजी अक्षरंच टाइप करत होता, फक्त त्या अक्षरांवर देवनागरीचे मुखवटे चढवलेले. फाँट काढला की मुखवटा गळतो आणि खाली निरर्थक इंग्रजी अक्षरांचा ढीग दिसतो. म्हणून तुमच्या एक्सेलमध्ये नावं अकारविल्हे लागत नसणार आणि 'मुंडे' शोधलं तर सापडत नसणार. युनिकोडमध्ये असं नाही. तिथे देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'क' चा ०९१५, मग संगणक कुठलाही असो, फाँट कुठलाही असो. चौदा वर्षांची माहिती आज एका फाँटाच्या ओलीस आहे. ती तशीच नेऊन जगातल्या सर्वांत मुक्त आज्ञावलीत ओतलीत तरी ओलीसच राहील.

जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणणारी परिवर्तकं मिळतात. इंटरनेट बंद ठेवूनही चालेल असंच घ्या. कुठल्या तरी अनोळखी पानावर देणगीदारांची नावं, पत्ते, पॅन नंबर चिकटवू नका, लहान मुलांची माहिती तर मुळीच नको. परिवर्तन झाल्यावर पहिली वेलांटी आणि रफार यांच्यावर नजर ठेवा. जुन्या फाँटमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये दोन्हीचा क्रम उलटा. त्यामुळे घोटाळे तिथेच होतात. परीक्षेला 'शिर्के' हे नाव घ्या, त्यात दोन्ही आहेत. शिर्के नीट उतरले तर बाकीचे गावकरी बहुतेक नीट उतरतील. तरी पन्नास-शंभर नावं छापील पावत्यांशी ताडून बघाच. मूळ फायली मात्र पुसू नका, वेगळ्या ठेवा. आणि इथून पुढे टाइप करायला देवनागरीचा मानक इन्स्क्रिप्ट कळफलक. तो विंडोजमध्येही असतो आणि लिनक्समध्येही, एकदा बोटांत बसला की संगणक बदलला तरी अडत नाही. तुमच्या कारकुनांनी पंधरा दिवस कुरकुर केली तर करू द्या.

मग संगणक. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ते खरंच आहे. विंडोज ११ ला टीपीएम नावाची सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवं यंत्र लागतं, त्यामुळे तुमची तीन जुनी यंत्रं त्यात बसणं कठीण. ती भंगारात घालू नका. त्यांवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मुक्त प्रणाली चालावी. दोन जीबी मेमरीवरही ती उभी राहते, चार असेल तर बरं. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी टाकलीत तर म्हातारं यंत्र तरतरीत होतं. खर्च करायचाच तर तिथे करा.

'टाकून दिलेल्या' ऑफिसबद्दल थोडक्यात. चोरीची प्रत आहे हे माहीत असून वापरणं हा प्रताधिकार कायद्याच्या कलम ६३ब खाली गुन्हा आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद न देता पन्नास हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं, पण धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या संस्थेने हा हिशेब करत बसावं का? काढून टाका.

त्या जागी लिबरऑफिस. त्याची जन्मकथा हापशाचीच आहे. आधीचं ओपनऑफिस सन कंपनीच्या छत्राखाली होतं, २०१० मध्ये ऑरॅकलने सन विकत घेतली. पुढे काय होईल या काळजीने बऱ्याच कार्यकर्त्यांनी त्याच वर्षी सगळा आराखडा उचलला आणि डॉक्युमेंट फाउंडेशन ही वेगळी संस्था काढून लिबरऑफिस सुरू केलं. मालक बदलला, पाणी तुटलं नाही. त्याचे मेनू मराठीतही मिळतात. बसवल्यावर भाषेच्या सेटिंगमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करून मराठी निवडा, नाहीतर देवनागरी मजकुराचा फाँट आणि शुद्धलेखन तपासणी नीट चालणार नाही. निधी देणाऱ्या कंपनीच्या वर्ड फायली उघडल्यावर पानं सरकलेली दिसली तर दोष बहुधा कॅलिब्री फाँट नसण्याचा. त्याच्याच मापाचा कार्लिटो नावाचा मुक्त फाँट आहे, तो टाका. मराठीसाठी मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता' घ्या. तोही मुक्त परवान्यातला, नावाप्रमाणेच. आणि ज्यात दुसऱ्या कोणी बदल करायचे नाहीत असा कागद पीडीएफ करूनच पाठवा. कंपनीच्या नमुन्यात एक्सेलचे मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या छोट्या आज्ञा) असतील तर ते लिबरऑफिसमध्ये अडखळू शकतात. त्यासाठी दोन नव्या संगणकांपैकी एकावर परवान्याचं विंडोज आणि ऑफिस राहू द्या. त्यात पाप नाही.

सीएंच्या बाबतीत मी त्यांच्या बाजूने आहे. म्हणा, त्यांच्या वाक्यातला सूर मला आवडला नाही. टॅली ओपन सोर्स नाही. पण तालुक्याच्या ठिकाणी टॅली येणारं माणूस उद्या सकाळी मिळतं, ग्नूकॅश ही हिशेबाची ओपन सोर्स आज्ञावली येणारं मिळत नाही. वायसरचा प्रश्न तिथे आधीच सुटलेला आहे, तो उगाच उघडू नका. फक्त बाहेरची वाट मोकळी ठेवा. दर महिन्याला बॅकअप, आणि वर्षअखेरीला सगळी खाती, रोजकीर्द, ताळेबंद पीडीएफ आणि एक्सेल अशा दोन्ही रूपांत बाहेर काढून ठेवायची. परवाना संपला म्हणून जुनं वर्ष बघता येत नाही, अशी वेळ यायला नको.

देणगीदार किती आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीत. पाचशे-सातशेपर्यंत असतील तर सीव्हीसीआरएम नको, ईआरपीनेक्स्ट नको. ईआरपीनेक्स्ट म्हणजे संस्थेचा सगळा कारभार सांभाळणारी ओपन सोर्स आज्ञावली, मुंबईच्या फ्रॅपे कंपनीची, मला त्याचं कौतुक आहे, पण तुम्हाला ते म्हणजे अंगणातल्या तुळशीला पाणी घालायला डिझेल इंजीन. एक स्वच्छ तक्ता पुरे. एका ओळीत एक देणगी. नाव, पत्ता, पॅन, पावती क्रमांक, तारीख, रक्कम, रोख की बँकेतून. एका रकान्यात एकच गोष्ट. 'पाटील काका, (चेक परत आला)' असलं रकान्यात लिहायचं नाही. ८०जी (देणगीदाराला आयकरात सवलत देणारी नोंदणी) असेल तर देणगीदारांची यादी दर वर्षी ३१ मेपर्यंत आयकर पोर्टलवर द्यावी लागते, तेव्हा हाच तक्ता रात्रीची जागरणं वाचवतो. देणगीदारांचे वाढदिवस, भेटी, फोन हे सगळं सांभाळणारी दोन माणसं तुमच्याकडे असतील त्या दिवशी मोठ्या आज्ञावलीचं बोलू.

ओपन सोर्स तुमच्या खऱ्या उपयोगी पडेल ते वसतिगृहाच्या आकडेवारीत. ओडीके नावाचं साधन आहे, २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झालेलं. अँड्रॉइड फोनवर फॉर्म भरायचा, रेंज नसली तरी चालतं, रेंजमध्ये आलं की पाठवायचं. कोबोटूलबॉक्स त्याच वंशातलं. त्याचा सर्व्हर कोबोवालेच चालवतात आणि संस्थांसाठी महिन्याला ठरावीक मर्यादेपर्यंत मोफत वापरू देतात, म्हणून तुम्ही कोबोपासून सुरुवात करा. फॉर्म चक्क एका तक्त्यात लिहिता येतो. एका रकान्यात प्रश्नाचं छोटं नाव, दुसऱ्यात मराठी प्रश्न, हवा तर तिसऱ्यात इंग्रजी. तुमची शिक्षिका हे दोन दुपारींत शिकेल. तोच तक्ता कोबोवरही चालतो आणि ओडीकेवरही. म्हणजे उद्या कोबोने मर्यादा घटवली तर फॉर्म उचलून दुसरीकडे जाता येतं. बाहेरचं दार म्हणते ते हे.

आणि हे दार लागतं. मायक्रोसॉफ्टने बिगर-नफा संस्थांना बिझनेस प्रीमियमचे दहा परवाने मोफत देण्याची सवलत २०२५ मध्ये मागे घेतली, तेव्हा कितीतरी संस्थांची धावपळ उडाली. दान होतं, दात्याने हात आखडला, त्याला दोष काय द्यायचा? गूगलची संस्थांसाठीची मोफत ईमेल सेवा वापरायला माझी हरकत नाही. दान म्हणून घ्या, वतन समजू नका.

फॉर्मबद्दल एक सांगायचंच आहे. मुलाचं नाव, आईवडील कुठल्या कारखान्यावर गेलेत, मुकादम कोण, उचल (मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे) किती. हे सगळं फोनमध्ये भरून ठेवायचा मोह होतो. यातलं वसतिगृह चालवायला लागतं ते ठेवा. आईवडिलांपर्यंत पोहोचायला कारखान्याचं नाव आणि फोन हवाच. उचलीचा आकडा तुम्हाला कशाला? तो चुकीच्या हातात पडला तर त्या कुटुंबाचा पुढचा हंगाम अवघड होईल. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो, म्हणून दाखल करतानाच, टोळी निघायच्या आधी, मराठी संमतिपत्रावर सही किंवा अंगठा घ्या आणि त्यातला मजकूर वाचून दाखवा. फोनला कुलूप हवं. कंपनीला महिन्याचे आकडे द्या, नावं मागितली तर कारण विचारा. आज्ञावली मुक्त आहे म्हणून माहिती आपोआप सुरक्षित होत नाही.

राहिला भाच्याचा सर्व्हर. नको. त्याच्या मनात खोट नाही, तो आमच्या त्या स्वयंसेवकासारखाच असणार. पण त्यालाही कधीतरी बंगळुरू लागेल. आत्ताच तपासा: संस्थेच्या संकेतस्थळाचं नाव कोणाच्या नावावर नोंदलंय? संस्थेचं ईमेल खातं कोणाच्या फोनवर उघडतं? बहुतेक ठिकाणी उत्तर 'भाच्याच्या' असंच निघतं. ते सगळं संस्थेच्या ईमेलवर आणा. पासवर्ड कागदावर लिहून बंद पाकिटात, पाकीट दस्तऐवजांच्या कपाटात, आणि ठरावाच्या वहीत दोन ओळींची नोंद. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या. एक कार्यालयात, दुसरी एखाद्या विश्वस्ताच्या घरी, दर महिन्याला अदलाबदल.

परवान्यांचे वाचलेले पैसे शिक्षिकेकडे जाऊ द्यात. तिच्या तासांतून आठवड्याचा अर्धा दिवस या कामासाठी मोकळा करा आणि त्याचं वेगळं मानधन द्या. कंपनीच्या पुढच्या अंदाजपत्रकात 'तंत्रज्ञान देखभाल' अशी ओळ घाला. ती खोडली गेली तर मला कळवा, भांडायला मी येते.

कामाचा क्रम असा धरा. दसऱ्यापर्यंत फाँट आणि देणगीदारांचा तक्ता. टोळ्या निघायला लागतील तोवर एका गावात कोबोचा फॉर्म चालवून पाहायचा, वहीही सोबत ठेवायची. पहिला हंगाम वही आणि फोन दोन्ही.

भाच्याला सांगा, मामाकडे येशील तेव्हा एक शनिवार आम्हाला दे. तीनही जुन्या संगणकांवर मिंट टाकायचंय, तू जवळ बस. माऊस मात्र आमच्या बाईंच्या हातात राहील.